गुडघ्यांचा बंदोबस्त

४ जानेवारी

हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंनी रोज काय खाल्लं ते लिहून ठेवायला सांगितलं आहे. लिहिते. आज खाल्लं ते असं: उकडलेला दुधी, एक पोळी आणि वहिनीचे टोमणे, पोटभर. बाईंना दाखवायला साळसूद वही वेगळी करीन. ही माझी.

हकिगत अशी की दादाच्या दोन्ही किडन्या संपत आल्या आहेत. वहिनीला साखरेचा आजार, त्यामुळे ती बाद. उरले मी. तपासण्या झाल्या आणि माझी जुळली. दादाने मागितलीसुद्धा नाही. मीच म्हटलं, घे एक, दोन-दोन ठेवून मी काय करणार आहे? लग्नाला जाताना शेजारणीला पर्स द्यावी तशी देऊन मोकळी झाले.

डॉक्टरीणबाईंच्या अटी दोन. वजन उतरवायचं आणि दुखण्याच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, किडनीला त्या सोसत नाहीत. मार्चमध्ये पुन्हा तपासतील आणि सगळं नीट असलं तर एप्रिलमध्ये ऑपरेशन. दादाला डायलिसिसवर बसवायची वेळ येण्याआधी उरकायचं असा बेत आहे.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "वजनाचं जमेल ना गं तुला? नाही म्हणजे, आपल्याला बसून खायची सवय." मी कटिंग मास्तर आहे. गणवेशांच्या कारखान्यात टेबलाशी दिवसभर उभी राहून कापडाचे थर कापते. बसते ती फक्त जेवायला, आणि आता जेवणही बंद झालं आहे.

९ जानेवारी

चालायला लागले. सकाळी तळ्याभोवती फेऱ्या. नवरोबा सोबत येतात, म्हणजे बाकापर्यंत येतात. तिथे बसून माझ्याकडे असं बघतात की जणू मी परदेशी निघाले आहे. मी म्हटलं, "अहो, चाला की दोन पावलं." तर म्हणाले, "तू चाल. मी इथे आहे." मोठा आधारच झाला.

ऑपरेशनबद्दल ते अजून एक अक्षर बोललेले नाहीत. बरंच आहे. त्यांचं मत मागून मी आजवर काहीच केलेलं नाही.

१५ जानेवारी

गुडघे बोंबलले. कालपासून जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि टेबलाशी उभी राहिले की उजव्या गुडघ्यात कोणी स्क्रू पिळतंय असं वाटतं.

काजवालीने ओळखलं. ही आमच्याकडे काज-बटणांच्या मशीनवर बसते आणि सगळ्या मजल्याची डॉक्टर आहे. पदवी कुठली, ते कोणी विचारत नाही. तिने चहाबरोबर गोळी पुढे केली. मी हात जोडले. "गोळी नको बाई, किडनी द्यायचीय." सगळ्या बायका माझ्याकडे आदराने बघायला लागल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग तिने पर्समधून ट्यूब काढली. "हे लाव. वरून लावायचंय, पोटात कुठे जातंय?" खरंच की. वरून लावायचं ते काय, तेलासारखंच.

घरी जाताना तसलीच नवी ट्यूब घेतली. खोक्यात खुणा केलेली प्लास्टिकची पट्टी निघाली आणि मुंगीने लिहिल्यासारखं एक घडीचं पत्रक. पत्रक टाकून दिलं. पट्टीला धार बरी आहे, मार्किंगच्या खडूला टोक काढायला ठेवली.

वहिनीला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर ती त्याच पावली डॉक्टरीणबाईंकडे जाईल, हिचे गुडघे गेलेत, ही कसली देते, म्हणेल. मी बाद झाले तर दादाला दुसरं कोणी नाही.

२१ जानेवारी

ट्यूब म्हणजे काय चीज आहे! आज तळ्याला तीन फेऱ्या मारल्या आणि बाकावरच्या माणसाला हात केला.

त्यात मी सुधारणाही केली. नुसतं लावलं की सलवारीला पुसलं जातं. म्हणून गणवेश भरायच्या पॉलिथिनच्या पिशव्या आहेत ना आमच्या, त्यांची एक पट्टी कापून गुडघ्याभोवती गुंडाळायची आणि वर इलॅस्टिक. कापायचं कामच माझं, दोन्ही गुडघ्यांना बेतशीर झाली. दुपारी प्रेसवाल्याकडून वाफेचं गरम फडकं घेऊन पाच मिनिटं वरून दाबायचं. औषध असं आत जातं की बोलायची सोय नाही. काजवालीसुद्धा म्हणाली, "मास्तरीण, हे मला सुचलं नव्हतं."

३० जानेवारी

गुडघ्यांचा बंदोबस्त झाला म्हणताच अंगठ्याने उचल खाल्ली. कातरीचा अंगठा. मग खांदा. माझ्या सगळ्या सांध्यांनी युनियन केली असावी.

गुडघ्याचं औषध अंगठ्याला कसं चालेल? म्हणून अंगठ्यासाठी दुसरी ट्यूब आणली, निळ्या टोपणाची, आणि खांद्यासाठी फवारा. तिन्हींची नावं वेगळी, वास वेगळे. आपण शास्त्रशुद्ध वागतो. अंगठ्यावर कातरीची चीर होती, तिथे लावल्यावर ब्रह्मांड आठवलं. झोंबलं म्हणजे लागू पडतंय असं काजवाली म्हणते.

दिवसातून किती वेळा लावते? दुखलं की लावते.

६ फेब्रुवारी

दादाकडे गेले होते. त्याचा चेहरा मातकट झाला आहे. तरी शिस्त तीच. हा जन्मभर लिफ्ट तपासनीस होता. अजून लिफ्टमध्ये शिरला की आधी भिंतीवरचा परवाना वाचतो आणि मग बटण दाबतो, तोवर लोक जिन्याने पोचलेले असतात.

जाण्याआधी बाहेर जिन्यातच अंगठ्याला लावून घेतलं होतं. गप्पा मारता मारता डोळा चोळला आणि अशी आग झाली की विचारू नका. दुसऱ्या हाताने दुसरा चोळला, तर त्यालाही तेच. डोळ्यांतून धारा. ट्यूबचं नाव काढायची सोय नव्हती, कारण वहिनी समोर. मी नुसती मुसमुसत बसले.

वहिनी पाणी आणायला आत गेली. दादाने टीव्ही बंद केला. रिमोट खाली ठेवून म्हणाला, "नको देऊस. रडत द्यायची वस्तू नाही ती. मी बघतो माझं."

बघतो माझं! त्याचा हा तोरा लहानपणापासूनचा. मी म्हटलं, "तू नुसता पडून रहा आणि मिळेल ती घे." तो तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिला. त्यालाही काहीतरी गेलं असावं डोळ्यात.

१८ फेब्रुवारी

वजनकाटा बिघडला आहे. दुधी खाऊन, तळ्याला फेऱ्या मारून वजन वाढतं कसं? आहारवाल्या बाई माझ्याकडे चोर पकडल्यासारख्या बघत होत्या.

बुटांनीही दगा दिला. दुकानदाराने घट्ट माप गळ्यात मारलं. संध्याकाळी काढले की घोट्यांवर मोज्याची नक्षी उमटलेली असते. एक गोष्ट मात्र चांगली झाली आहे. सारखं बाथरूमला जावं लागायचं ते कमी झालं. आमच्या कारखान्यात बाथरूम खालच्या मजल्यावर, तेवढे जिने वाचतात. पाणीही मी मोजकंच पिते. चालण्याने शरीराला शिस्त लागली, दुसरं काय.

रक्तदाब थोडा वर आला. मोजला तेव्हा वहिनी शेजारी होती, त्यामुळे नवल नाही.

३ मार्च

नवरोबांना कंठ फुटला. मी पाय वर करून बसले होते. त्यांनी नडगीवर बोट दाबलं आणि म्हणाले, "बघ, खड्डा पडला. भरून येत नाहीये."

"तुमचं बोटच जड आहे."

"गुडघ्यावर पुरळ आलंय. त्या प्लास्टिकखाली."

"घामोळं आहे."

"हॉस्पिटलात सांग ना एकदा, हे सगळं लावतेस ते."

मी भडकले. इतके दिवस बाकावर बसून राहिलात, आता अक्कल पाजळताय, असं बरंच बोलले. ते उठून भांडी घासायला गेले. काल घासलेलीच परत घासत होते.

११ मार्च

तपासणी. रक्त दिलं, लघवी दिली. एका मुलीने छापील प्रश्न वाचले. दुखण्याच्या गोळ्या? नाही. तब्येतीची इतर औषधं? नाही. गुडघे, सांधे? ठणठणीत. वहिनीसमोर जिना कठड्याला हात न लावता चढून दाखवला. वर गेल्यावर भिंतीवरचं पोस्टर वाचायच्या निमित्ताने पाच मिनिटं उभी राहिले. हृदयाच्या झडपांविषयी आता मला सगळी माहिती आहे.

१४ मार्च

सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवरोबांना बोलावलं. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो, किडनी किती काम करते ते सांगणारा. जानेवारीत माझा छान होता. आता इतका वर गेलाय की बाईंनी कागद दोनदा तपासला.

"गोळ्या घेतल्या?"

"एकही नाही. शपथेवर सांगते."

"जडीबुटी? चूर्ण? शक्तीचं काही?"

"नाही हो."

त्या गोंधळल्या. आणि तेवढ्यात, लग्नापासून आजवर डॉक्टरसमोर कधी तोंड न उघडलेल्या माझ्या नवऱ्याने पिशवीत हात घालून टेबलावर मांडायला सुरुवात केली. ट्यूब. रिकामी ट्यूब. आणखी एक रिकामी ट्यूब. निळ्या टोपणाची. फवारा. शेवटी गुडघ्यांच्या मापाच्या पॉलिथिनच्या दोन पट्ट्या, इलॅस्टिकसकट. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाईंनी एकेक उचलून मागचं बारीक छापलेलं वाचलं. "तिन्हींत औषध एकच आहे. नावं कंपन्यांची. आणि हे त्याच जातीचं औषध आहे, ज्याच्या गोळ्या मी तुम्हाला बंद सांगितल्या होत्या."

"पण हे तर वरून..."

"कातडीतून आत जातं. एरवी अगदी थोडं जातं, म्हणून लोकांना गोळीपेक्षा हे बरं पडतं. एक-दोन सांध्यांना, खोक्यातल्या खुणांच्या पट्टीवर मोजून, दिवसातून ठरलेल्या वेळा, थोडे दिवस. लावून हात धुवायचे, अंगठ्याला लावलं तर थोड्या वेळाने. जखमेवर नाही, डोळ्याजवळ नाही. वर काही गुंडाळायचं नाही, शेक द्यायचा नाही, नाहीतर भलतंच आत जातं. तुम्ही काय केलंत?"

मी सांगितलं. वाफेच्या फडक्यापाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"त्यात पाणी कमी. पायाला सूज, रक्तदाब, वजन, सगळं त्याचंच. आजपासून सगळं बंद. आकडा बहुतेक खाली येईल, पण किती आणि कधी ते आत्ता सांगता येणार नाही. एप्रिलचं ऑपरेशन रद्द."

जिन्यात मी नवरोबांना म्हटलं, "तोंडघशी पाडलंत मला." ते म्हणाले, "हो." आणि माझी पर्स घेऊन पुढे चालायला लागले.

१५ मार्च

वहिनीचा फोन. मला वाटलं, आता माझ्या डोक्यावर मिरे वाटणार. तिने फक्त एवढंच सांगितलं की दादाला आता थांबता येणार नाही, पुढच्या आठवड्यात डायलिसिस सुरू. आणि ठेवला.

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. उत्तर तयार ठेवलं होतं मी.

त्याला सुईपासून वाचवायला निघाले होते आणि मीच त्याला सुईखाली नेऊन बसवलं. मला स्वतःची इतकी चीड आली आहे की हे लिहितानाही हात आखडतोय. अंगठाही दुखतोय, पण त्याची मला कीव येत नाही.

२९ मार्च

दादाच्या डायलिसिसला गेले. मशीनमधून त्याचं रक्त फिरताना दिसतं. त्याने मशीनच्या मागचा तपासणीचा स्टिकर आधीच वाचून ठेवला होता. "तारीख चालू आहे," म्हणाला.

"दादा, चुकलं माझं."

"तू त्या दिवशी रडलीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुला दुखत होतं आणि सांगता येत नव्हतं."

खरं काय ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तसा तो चुकीचं बोलत होता असंही नाही.

१७ एप्रिल

बिनट्यूबचे गुडघे. सकाळी पलंगावरून उठताना घरातल्या सगळ्यांना कळतं. घरात आम्ही दोघंच, म्हणून निभावतंय.

व्यायामवाल्या बाईंनी पाय ताठ उचलायचे, मांडीचे स्नायू बळकट करायचे असं शिकवलं आहे. शेक नुसता, काही न लावता घ्यायचा. मालकाकडे उंच स्टूल मागितलं. "मास्तर बसून कापणार?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना सगळी हकिगत ऐकवली. मध्येच उठून त्यांनी स्वतः स्टूल आणून दिलं, बहुधा मी थांबावं म्हणून. पाणी पिते. जिने उतरते. काजवालीने पर्समधल्या ट्यूबचं पत्रक उलगडून सगळ्यांना वाचून दाखवलं आणि आता ती त्याचीही डॉक्टर झाली आहे.

दुखणं निम्म्यावर आलं आहे. उरलेलं निम्मं कुठे जाईल असं दिसत नाही.

२६ एप्रिल

आकडा खाली आला! पहिल्यासारखा. सूज गेली, वजन धडाधड उतरलं, काटा निर्दोष होता तर. मी खुर्चीतच टाळ्या पिटल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी एकदा तपासू, मग पुढची तारीख. पण एक गोष्ट नीट ऐका. एकच किडनी राहिली की ही औषधं तुम्हाला नाहीत. गोळी तर नाहीच. ट्यूबही मला विचारल्याशिवाय नाही, आणि तुमचा हात बघता मी हो म्हणेन असं वाटत नाही."

"किती दिवस?"

"कायमचं."

माझं हसू तोंडावरच राहिलं. किडनी द्यायला मला एक मिनिट लागलं नव्हतं. ती कधी पाहिली नाही, ती दुखत नाही. पण गुडघे रोज भेटतात. अजून कितीतरी वर्षं टेबलाशी उभं राहायचं आहे, आणि पुढे म्हातारपण. कितीही ठणकलं तरी लावायला काही नाही.

बाई म्हणाल्या, "घाई नाही. घरी जाऊन विचार करा." मी घरी आले आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला विचारलं, "काय करू?" ते म्हणाले, "मला जानेवारीपासून भीती वाटतेय. पण नको म्हणणारा मी कोण? तो तुझा भाऊ आहे." मग इतकं बोलल्याने दमून भांडी घासायला गेले.

२ मे

दादा आला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, जिने चढून. आमच्या इमारतीच्या लिफ्टचा परवाना संपलेला आहे, मग कसा बसेल तो? दारात धापा टाकत उभा.

"तुझ्या वहिनीने सांगितलं मला, ट्यूब कायमची बंद ते. मला नको तुझी किडनी. तुझं पोट उभं राहण्यावर आहे."

"मग तू काय करणार?"

"आठवड्यातून तीनदा मशीन. लोक राहतात की."

"लोक राहतात. तू तीन जिने चढून निळा पडलायस."

"मोठा मी आहे. मी सांगतो तेच होईल."

मी पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. मोजून अर्धाच, त्याला तेवढीच परवानगी आहे. त्याने घोट घेतला आणि उरलेलं खाली ठेवलं. माझ्यासमोर माझा दादा पाण्याचा घोट मोजून पीत होता आणि मी गुडघ्यांचा हिशेब करत बसले होते. मला रडू आलं. या वेळी डोळ्यात काही गेलं नव्हतं.

"घेणार आहेस तू," मी म्हटलं. "आणि परत मोठेपणा सांगितलास तर दोन्ही देईन."

२० मे

पुन्हा तपासलं, आकडा जागेवर आहे. आज हॉस्पिटलच्या अवयवदान समितीसमोर मुलाखत. देणाऱ्याला एकट्याला आत घेतात, कोणी जबरदस्ती केली नाही ना ते बघायला. टेबलापलीकडे पाच जण, त्यांत आमच्या डॉक्टरीणबाई. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, "यात तुमचं काय नुकसान होणार आहे, तुमच्या शब्दांत सांगा."

ऑपरेशनचा धोका वगैरे मी धडाधडा म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "आणखी?"

"आणखी गुडघे. ते दुखणार. कमीजास्त होईल, पण जाणार नाहीत. बाकीच्या बायका ट्यूब लावून कामाला लागतील आणि मी नुसती चोळत बसेन. रोज. मरेपर्यंत."

"नीट विचार केला आहे?"

"आत्ता केलाय. जानेवारीत केला नव्हता. तेव्हाची किडनी तुम्ही घेतली नाहीत ते बरं झालं."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मी सही केली.

बाहेर वहिनी बाकावर होती. मी शेजारी बसले आणि पुन्हा उठायला गेले, तर गुडघ्याने तिथल्या तिथे नकार दिला. परत बाकावर आपटले. आता ही काय बोलते, म्हणून मी कान टवकारले. ती उभी राहिली आणि हात पुढे केला. मी धरला, हळूहळू सरळ झाले.

"सोड आता, वहिनी," मी म्हटलं, "नाहीतर सवय लागेल मला."

तिने सोडला नाही. जिना उतरेपर्यंत नाही.